लसीनंतरचा ताप आणि औषधाची घाई

गेल्या बुधवारी, म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या लसीकरणाच्या दिवशी, एक आजी अडीच महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. सोबत बाळाची आई होती, पण बोलणे सारे आजींचेच. "डॉक्टर, आज दुसरा डोस आहे. मागच्या खेपेला पोर रात्रभर रडलं, अंग नुसतं भाजत होतं. म्हणून या वेळी घरूनच तापाचं औषध पाजून आणलंय. आता काही त्रास नाही ना व्हायचा?" आपण शहाणपणाचे काम केले, असे समाधान आजींच्या चेहऱ्यावर होते. त्यांना दोष तरी कसा द्यावा? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हाच सल्ला या तालुक्यातल्या घराघरांत पोचवणाऱ्यांत मीही एक होतो.

आमच्या शिक्षणाच्या काळात आणि नंतरही बरीच वर्षे एक रीतच होती. त्रिगुणी लसीचे इंजेक्शन दिले की पालकांच्या हातात तापाच्या औषधाची चिठ्ठी द्यायची. ताप येवो न येवो, दिवसातून तीन वेळा, दोन दिवस. काही जण तर इंजेक्शनच्या अर्धा तास आधीच एक मात्रा द्यायला सांगत. हेतू चांगलाच होता. पहिल्या डोसनंतर बाळ तापाने फणफणले की आई घाबरते आणि दुसऱ्या डोसला फिरकतच नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. ताप आलाच नाही तर आई पुन्हा येईल, एवढा सरळ हिशेब. परंतु वैद्यकशास्त्रात सरळ वाटणारा हिशेब दर वेळी खरा ठरतोच असे नाही.

सारांश आधीच सांगून टाकतो. लसीच्या आधी तापाचे औषध देऊ नये. लसीनंतर ताप किंवा दुखणे यांमुळे बाळ खरोखर बेचैन झाले तरच ते द्यावे, आणि तेही वजनाप्रमाणे मोजून. असे का, ते आता पाहू.

ताप का येतो?

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे, नेमके सांगायचे तर ६, १० आणि १४ आठवड्यांचे झाल्यावर बाळाला 'पेंटा' लस दिली जाते. सरकारी लसीकरणात ती २०११ पासून टप्प्याटप्प्याने आली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, 'ब' प्रकारची कावीळ आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारे मेंदूज्वर व न्यूमोनिया, इतक्या रोगांविरुद्धचे संरक्षण या एका इंजेक्शनात असते. ते डाव्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. यातला तापाला मुख्यतः कारणीभूत भाग म्हणजे डांग्या खोकल्याची लस. तिच्यात या रोगाचे मारलेले अख्खे जंतू असतात. मेलेले असल्याने ते रोग निर्माण करू शकत नाहीत, पण शरीर त्यांना परके म्हणून ओळखते.

परका आत शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी कामाला लागतात. त्या काही रासायनिक संदेश रक्तात सोडतात. हे संदेश मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत पोचतात. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते केंद्र शरीराची उष्णता थोडी वर नेऊन ठेवते. यालाच आपण ताप म्हणतो. इंजेक्शनच्या जागी रक्तपुरवठा वाढतो, म्हणून मांडी लाल होते, सुजते, दुखते. इकडे याच धावपळीत प्रतिपिंडे, म्हणजे पुढे खऱ्या जंतूशी लढणारी द्रव्ये, तयार होऊ लागतात. तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी जोर-बैठका काढायला लावल्या की दुसऱ्या दिवशी त्याचे अंग दुखते, तसाच हा प्रकार. अंग दुखले म्हणून कोणी पोराला आजारी समजत नाही.

अख्ख्या जंतूंच्या या लसीनंतर साधारण निम्म्या मुलांना थोडाफार ताप येतो. तो बहुधा त्याच दिवशी संध्याकाळी किंवा रात्री येतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. हा ताप 'डोक्यात जात' नाही. त्याने मेंदूला इजा होत नाही.

इथे एक उलटा गैरसमजही दूर केला पाहिजे. ताप आला नाही म्हणून "लस लागू पडली नाही", "इंजेक्शन पाण्याचे होते" असे काही पालक म्हणतात. तसे मुळीच नाही. ताप न येणाऱ्या बाळांमध्येही प्रतिकारशक्ती उत्तम तयार होते. ताप हा काही लसीचा निकाल नव्हे.

२००९ साली काय आढळले?

ताप येऊ नये म्हणून आधीपासूनच औषध दिले तर लसीच्या कामात काही अडथळा येतो का, हा प्रश्न बरीच वर्षे कोणी फारसा विचारला नव्हता. २००६-०७ मध्ये युरोपातील चेक प्रजासत्ताकात याचा पद्धतशीर अभ्यास झाला. त्यात ४५९ तान्ही बाळे होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला लसीनंतरच्या पहिल्या २४ तासांत ठराविक अंतराने तीन वेळा पॅरासिटामॉल दिले, दुसऱ्याला दिले नाही. निष्कर्ष २००९ च्या ऑक्टोबरमध्ये 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले.

पहिली गोष्ट अपेक्षेप्रमाणे घडली. औषध न दिलेल्या गटात १०० पैकी ६६ बाळांना ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, तर औषध दिलेल्या गटात १०० पैकी ४२ बाळांना. म्हणजे औषधाने ताप कमी झाला. परंतु फार चढा ताप, म्हणजे साडेएकोणचाळीस अंशांच्या वरचा, दोन्ही गटांत क्वचितच होता. ज्या तापाची खरी भीती बाळगावी, तो औषधाविनाही विरळाच होता.

दुसरी गोष्ट मात्र कोणाला अपेक्षित नव्हती. औषध दिलेल्या गटात न्यूमोकोकस, हिब, घटसर्प, धनुर्वात अशा अनेक रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण कमी भरले. शांत निजलेल्या बाळाच्या शरीरात लसीचा धडा थोडा कच्चा राहिला होता.

आता घाबरून जाण्यापूर्वी पुढचे वाक्यही वाचावे. कमी भरली तरी बहुतेक बाळांमध्ये प्रतिपिंडे संरक्षणाला पुरतील इतकी होतीच. तापाचे औषध दिलेली मुले पुढे या रोगांनी अधिक आजारी पडली, असेही कोणी दाखवून दिलेले नाही. तेव्हा ज्या मातांनी पूर्वी आमच्याच सांगण्यावरून औषध दिले, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. त्यांच्या मुलांचे लसीकरण वाया गेलेले नाही आणि डोस पुन्हा घेण्याचेही कारण नाही. मुद्दा इतकाच, की ज्याची गरज नाही असे औषध द्यायचे आणि त्यापायी लसीचा काही हिस्सा गमवायचा, हा सौदा तोट्याचा आहे.

पुढे २०१७ साली पोलंडमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. लसीच्या वेळीच पॅरासिटामॉल सुरू केले तेव्हा न्यूमोकोकसच्या काही प्रकारांविरुद्धचा प्रतिसाद घटला. पहिली मात्रा सहा ते आठ तासांनी दिली तेव्हा मात्र तशी घट दिसली नाही. याचा अर्थ असा लावता येतो, की लस टोचल्यानंतरचे पहिले काही तास महत्त्वाचे असतात. त्या वेळात शरीराला आपले काम करू द्यावे. संध्याकाळी ताप चढला आणि मग औषध दिले, तर नुकसान होण्याची भीती फारशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली लसीकरणाच्या वेदनांबाबत मार्गदर्शन करताना, लसीच्या आधी किंवा लसीच्या वेळी तोंडाने वेदनाशामक देऊ नये, असेच सांगितले आहे.

मी स्वतः माझी सवय लगेच बदलली असे नाही. हा अभ्यास वाचल्यावरही वर्ष-दोन वर्षे हात आपोआप चिठ्ठीकडे जात असे. पालकही मागत. "औषध नाही दिलं?" असे विचारणाऱ्या आईला गप्प करायला चिठ्ठी फार सोयीची असते. तिला दोन मिनिटे समजावून सांगणे अधिक अवघड.

मग औषध द्यायचेच नाही का?

तसे नाही. बाळाला त्रासात ठेवण्यात काही पुरुषार्थ नाही. लसीनंतर अंग तापले आहे, बाळ किरकिर करते आहे, मांडीला हात लावू देत नाही, दूध नीट ओढत नाही, झोपत नाही, अशा वेळी पॅरासिटामॉल जरूर द्यावे. अंग कोमट लागते पण बाळ हसते-खेळते आहे, अंगावर पिते आहे, तर औषधाची गरज नाही. थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा बाळाकडे पाहावे.

तरीही घरात एक डिजिटल थर्मामीटर असावा. तो काखेत नीट दाबून धरावा आणि आवाज होईपर्यंत काढू नये. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक म्हणजे ताप. उलट्या हाताने कपाळ पाहून आजीचा अंदाज अनेकदा बरोबर येतो, पण दुपट्यात घट्ट गुंडाळलेले आणि टोपडे घातलेले बाळ ताप नसतानाही गरम लागते. आधी टोपडे काढा, दहा मिनिटे थांबा, मग ताप मोजा.

अनेक माता विचारतात, की ताप आल्यावर आकडी येईल, मग आधीच औषध दिलेले बरे नाही का? तापातल्या आकडीचा धोका साधारण सहा महिने ते पाच वर्षे या वयात असतो. तापाचे औषध आधीपासून दिल्याने ती टळते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. ज्या बाळाला पूर्वी आकडी येऊन गेली आहे त्याच्या पालकांनी लसीपूर्वी ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

सगळ्या लसींना हा नियम सारखा लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. जन्मतः डाव्या दंडावर देतात त्या बीसीजीने ताप येत नाही. काही आठवड्यांनी तिथे पुटकुळी येते, फुटते, खपली धरते आणि वण राहतो. तिला औषध, मलम काहीही लावायचे नाही. पोलिओ आणि रोटा या तोंडाने द्यायच्या लसींना तापाच्या औषधाचे काम नाही. नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात त्या गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप आला तर पाच ते बारा दिवसांनी येतो, कधी सोबत बारीक पुरळही उठते. त्या दिवसाच्या इंजेक्शनसाठी म्हणून त्याच रात्री औषध देणाऱ्याने काय साधले, याचा विचार करावा.

थेंब आणि चमचा

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो, कारण चूक माझी होती.

२००४ सालची घटना. साडेतीन महिन्यांच्या, पाच किलो वजनाच्या एका मुलीला मी त्रिगुणीचा तिसरा डोस दिला आणि नेहमीप्रमाणे तापाचे औषध लिहिले. तोंडी सांगितले, "अर्धा चमचा, दिवसातून तीनदा." माझ्या मनात होते ते पातळ औषध, ज्याच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. त्याचा अर्धा चमचा म्हणजे सुमारे ६२ मिलिग्रॅम, त्या वजनाला अगदी योग्य. पण औषधाच्या दुकानात ते संपले होते. दुकानदाराने लहान बाळांचेच म्हणून ड्रॉप्सची छोटी बाटली दिली. त्यात एकेका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. घरच्यांनी माझे शब्द तंतोतंत पाळले. अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिलिलिटर, म्हणजे २५० मिलिग्रॅम. चौपट! आणि तेही तीन वेळा.

दुसऱ्या दिवशी मुलगी उलट्या करू लागली, मलूल झाली. आजोबा बाटली खिशात घालून धावत आले. ती बाटली पाहिल्यावर माझ्या पायाखालची जमीन सरकली. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत अत्यंत सुरक्षित औषध आहे, पण मात्रा फार वाढली की ते यकृताला जाळते. त्याचे लक्षण सुरुवातीला नुसती उलटी आणि मरगळ असते, यकृत बिघडल्याचे एक-दोन दिवसांनी कळते. या विषबाधेवर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळावा लागतो. मुलीला तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. तिथे उतारा सुरू केला, यकृताच्या तपासण्या केल्या, काही दिवस देखरेखीखाली ठेवले. मुलगी सुखरूप घरी आली. तिच्या घरच्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्यामुळे तर अधिकच लाज वाटली. मी चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहिले होते. त्याची ताकद लिहिली नव्हती. त्या दिवसापासून मी 'चमचा' हा शब्द वापरणे सोडले.

पालकांनी म्हणून पुढील गोष्टी पाठ कराव्यात:

पहिली, मात्रा वजनावर ठरते, वयावर नव्हे. एका वेळेस दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला ५० ते ७५ मिलिग्रॅम. लसीकरणाच्या दिवशी वजन होतेच, ते कार्डावर लिहून घ्यावे.

दुसरी, बाटलीवरचे लेबल वाचावे. एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असे लिहिलेले ड्रॉप्स असतील तर पाच किलोच्या बाळाला अर्धा मिलिलिटर, फार तर पाऊण. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे पातळ औषध असेल तर २ ते ३ मिलिलिटर. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचे दुप्पट ताकदीचे औषधही मिळते. ते मोठ्या मुलांसाठी असते. दिसायला मात्र बाटल्या सारख्याच.

तिसरी, बाटलीसोबत मिळणाऱ्या ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने मोजावे. घरातला चहाचा चमचा एकाचा लहान, दुसऱ्याचा मोठा. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला वापरू नये.

चौथी, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे. २४ तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नकोत. कोणी केव्हा औषध दिले ते कागदावर लिहून ठेवावे. आईने पाजले आणि आजीनेही पाजले, असे एकत्र कुटुंबात सहज घडते.

पाचवी, पहिल्या, म्हणजे दीड महिन्याच्या डोसच्या वेळी बाळ फारच कोवळे असते. त्या वेळी औषध केव्हा व किती द्यायचे ते सिस्टरांना किंवा डॉक्टरांना विचारून, लिहूनच घ्यावे.

ही औषधे नकोत

घरात मोठ्यांच्या डोकेदुखीसाठी असलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी चुरडून बाळाला कधीही देऊ नये. मुलांमध्ये तिच्यामुळे क्वचित यकृत आणि मेंदू यांना घातक इजा होते. निमेसुलाइड हे एके काळी मुलांच्या तापावर सर्रास दिले जाणारे औषध १२ वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात २०११ सालापासून बंद आहे. जुनी बाटली कपाटात असेल तर फेकून द्यावी. आयब्युप्रोफेन इतक्या लहान बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. शिवाय वर सांगितलेल्या पोलंडमधील अभ्यासात लसीच्या वेळी दिलेल्या आयब्युप्रोफेनने धनुर्वात व डांग्या खोकल्याच्या काही प्रतिपिंडांत घट दिसली होती. सर्दीच्या पातळ औषधांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल मिसळलेले असते. ते आणि तापाचे औषध दोन्ही दिले तर नकळत दुहेरी मात्रा जाते. तान्ह्या बाळाला सर्दीची असली मिश्रणे देऊच नयेत.

औषधाविना काय करता येते?

पुष्कळ करता येते. इंजेक्शनच्या वेळी बाळाला टेबलावर आडवे न टाकता आईने मांडीवर, छातीशी धरावे. त्याच्या थोडे आधी आणि जमल्यास त्याच वेळी अंगावर पाजावे. आईच्या दुधाने आणि स्पर्शाने वेदना खरोखर कमी होते, ही नुसती समजूत नाही. पोलिओचे थेंब दिल्यावर अर्धा तास पाजायचे नाही असे काही ठिकाणी सांगतात, त्याला आधार नाही. लगेच पाजावे.

टोचलेली जागा चोळू नये, दाबू नये. गरम शेक, हळद-चुन्याचा लेप, बाम, तेल यांतले काहीही लावू नये. स्वच्छ कपडा गार पाण्यात पिळून थोडा वेळ हलकेच ठेवावा. मांडीत बारीक गाठ राहिली तर ती काही आठवड्यांत विरघळते. तापात बाळाला सुती, सैल कपडे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. बर्फाच्या पाण्याच्या घड्या नकोत, त्याने बाळ थरथरते आणि आतली उष्णता उलट वाढते. दूध वारंवार पाजावे. सहा महिन्यांपर्यंत पाणी, गुटी, ग्राइप वॉटर यांची गरज नाही.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे. अत्यंत विरळ, पण गंभीर अशी अ‍ॅलर्जी बहुधा याच वेळात दिसते आणि तिच्यावरचे इंजेक्शन तिथे तयार असते. निघण्यापूर्वी सिस्टरांना चार गोष्टी विचाराव्यात: कोणती लस दिली, तिचा काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचे, पुढचे कधी यायचे, आणि कार्डावर नोंद झाली का.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बाळ तीन तासांहून अधिक वेळ सतत, समजूत न पटता रडत असेल. ताप १०२ अंशांच्या वर गेला असेल किंवा दोन दिवसांनंतरही टिकला असेल. बाळ अंगावर पीत नसेल, एकदम ढिले किंवा फिकट पडले असेल. आकडी आली, श्वासाला त्रास झाला, किंवा टोचलेल्या जागी पू झाला, तर वेळ न दवडता दाखवावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला लसीशी संबंध नसताना ताप आला तर तो 'दातांचा' किंवा 'नजरेचा' समजून घरी बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. लसीनंतर झालेला कोणताही गंभीर त्रास आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात कळवावा. त्याची नोंद आणि चौकशी करण्याची सरकारी व्यवस्था आहे.

"मग बिनदुखरी लस का नको?" असाही प्रश्न येतो. खासगी दवाखान्यात मिळणाऱ्या महागड्या लसीत डांग्या खोकल्याच्या जंतूचे काही निवडक भागच असतात. तिने ताप कमी येतो हे खरे. परंतु तिचे संरक्षण तुलनेने लवकर ओसरते. अमेरिकेने १९९० च्या दशकात सगळी मुले त्या लसीवर नेली आणि २०१२ साली तिथे डांग्या खोकल्याचे ४८ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. ज्यांना परवडते त्यांनी ती घेतली तर काही बिघडत नाही, पण सरकारी लस मोफत आहे म्हणून ती कमी प्रतीची, असे कोणी समजू नये.

एका वाचकाची लेक इंग्लंडमध्ये असते. तिथे तिला बाळाच्या इंजेक्शननंतर लगेच पॅरासिटामॉल द्यायला सांगितले, मग डॉक्टर तुम्ही उलटे का सांगता, असे त्यांनी विचारले. त्यांची शंका रास्त आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून तान्ह्या बाळांना एका प्रकारच्या मेंदूज्वराची, 'मेन-बी' नावाची लस देतात. इतर लसींबरोबर ती दिली की ताप फार मोठ्या प्रमाणात येतो. पॅरासिटामॉलने त्या लसीचा प्रतिसाद घटत नाही, हे आधी तपासून पाहिले आणि मगच तिथे तो सल्ला दिला गेला. आपल्या सरकारी वेळापत्रकात ती लस नाही. तेव्हा लेकीने तिथल्या नर्सचे ऐकावे, सुनेने इथल्या सिस्टरांचे.

सुरुवातीच्या आजींचे काय झाले, ते सांगायचे राहिले. औषध पाजून आणले म्हणून मी बाळाला परत पाठवले नाही. असे कोणीही करू नये. उशिरा मिळालेल्या किंवा चुकलेल्या डोसाचे नुकसान एका मात्रेच्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठे असते. बाळाला लस दिली, आजींना वरचे सारे सांगितले आणि कार्डाच्या मागे बाळाचे वजन व औषधाची मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. रात्री थोडा ताप होता, पण पोर पीत होते म्हणून औषध दिले नाही. टोपडे काढून ठेवले. पहाटेपर्यंत ताप उतरला. "आत्याबाई रात्रभर मांडीवर घेऊन बसल्या होत्या," ती म्हणाली.

साडेतीन महिन्यांच्या डोसला त्या पुन्हा येणार आहेत. तारीख कार्डावर लिहिली आहे.